रात्रपाळीची लय : फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाच्या निवड समितीला खुले पत्र

मा. अध्यक्ष, फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया,
आणि 97व्या ऑस्करसाठी भारताचा चित्रपट निवडणाऱ्या समितीचे सर्व मान्यवर सदस्य,

सप्रेम नमस्कार.

सोमवारी, 3 मार्चला पहाटे साडेपाचला मी टीव्ही लावून बसले होते. चौतीस वर्षं रुग्णालयात पाळ्या केल्या, त्यामुळे त्या वेळेला जाग येणं अंगवळणी पडलंय. सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपट म्हणून 'आय ॲम स्टिल हिअर'चं नाव पुकारलं गेलं. या गटातलं ब्राझीलचं हे पहिलंच ऑस्कर. दिग्दर्शक वॉल्टर सालेस यांनी ते युनिस पायवा या बाईंना अर्पण केलं. 1971 मध्ये लष्करी राजवटीच्या माणसांनी त्यांच्या नवऱ्याला घरातून नेलं, तो परत आला नाही. या बाईंनी पाच मुलं वाढवली, कायद्याचं शिक्षण घेतलं आणि शेवटपर्यंत जाब विचारत राहिल्या. एका घराची, एका बाईची गोष्ट. तिकडे ब्राझीलमध्ये कार्निव्हल चालू होता, लोक रस्त्यावर नाचत होते, आणि इकडे डोंबिवलीत मी पदरानं डोळे पुसत होते. आनंद ब्राझीलसाठी होता, हळहळ आपल्यासाठी.

हरलो म्हणून हळहळ नव्हती. 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान' हे आपले तीनच चित्रपट आजवर नामांकनाच्या शेवटच्या पाचांत पोचले, आणि त्यातला एकही जिंकला नाही. तेवढ्यासाठी मी कागद-पेन घेऊन बसले नसते. गेल्या सप्टेंबरपासून पायल कपाडिया यांच्या, मुंबईतल्या परिचारिकांवरच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' या चित्रपटाबद्दलचं तुमचं एक वाक्य मनात काट्यासारखं रुतून बसलंय, त्यासाठी हे पत्र आहे.

23 सप्टेंबर 2024 रोजी चेन्नईत तुम्ही 29 चित्रपटांतून किरण राव यांचा 'लापता लेडीज' निवडला. मला आनंदच झाला होता, हे आधी सांगते. मार्चमध्ये भाचीबरोबर थिएटरात जाऊन पाहिला होता. दोन घुंगट, एक चुकलेली बायको, पोलिसाला दाखवायला फक्त तोंड झाकलेला फोटो. आम्ही दोघी खूप हसलो, आणि घरी येताना रिक्षात भाची गप्प होती. स्टेशनवर चहा-भज्यांची टपरी चालवणारी मंजूमाई तिच्या डोक्यात घर करून राहिली होती. अशा चित्रपटाला तुम्ही देशाचा प्रतिनिधी म्हणून पाठवलंत, यात वावगं काहीच नाही. या पत्राचा रोख 'लापता लेडीज'वर नाही. कुणी तसा लावू नये.

माझी तक्रार तुम्ही दिलेल्या कारणांबद्दल आहे. तुमच्या प्रशस्तिपत्राचं पहिलंच वाक्य होतं की भारतीय स्त्रिया म्हणजे शरणागती आणि वर्चस्व यांचं एक विचित्र मिश्रण आहे. आणि पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' का नाही, असं विचारल्यावर फेडरेशनचे अध्यक्ष रवी कोट्टारकरा यांनी सांगितलं की समितीला तो भारतात घडणारा युरोपियन चित्रपट वाटला, भारतात घडणारा भारतीय चित्रपट वाटला नाही. तांत्रिकदृष्ट्याही तो फार कमी पडतो असं समितीचं मत असल्याचं तिचे अध्यक्ष जाह्नू बरुआ एका मुलाखतीत म्हणाले. तंत्रावर मी बोलणार नाही, तो माझा प्रांत नाही. भारतीय कोण आणि काय, यावर मात्र मला बोलायचंय. कारण तो चित्रपट माझ्या घराबद्दल आणि माझ्या नोकरीबद्दल आहे.

मी मूळची संगमेश्वर तालुक्यातली, जिल्हा रत्नागिरी. वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी त्यांच्यापुरती कायमची बंद झाली. मी नर्सिंगला गेले ती त्यानंतर, कारण घरात कुणीतरी पगार आणायला हवा होता. मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून लागले आणि सिस्टर इन्चार्ज होऊन निवृत्त झाले. माझ्या बॅचला निम्म्या मुली केरळच्या होत्या. त्यातली कोट्टायमकडची एक माझ्याबरोबर हॉस्टेलच्या एकाच खोलीत सात वर्षं राहिली आणि आज डोंबिवलीत माझ्या शेजारच्या इमारतीत राहते. तिनं मला मीन करी शिकवली, मी तिला आंबोळ्या. तिची मराठी अजून मोडकी आहे आणि माझं मल्याळम शिव्या आणि भाज्यांच्या नावांपलीकडे गेलेलं नाही. तरी आमचं कधी अडलं नाही.

22 नोव्हेंबरला तो चित्रपट देशभर लागला. आमच्याकडे त्याचा दुपारचा एकच खेळ होता. आम्ही दोघी गेलो. थिएटरात पंधरा-सोळा माणसं असतील. सुरुवातीला अंधारात मुंबई दिसते, भाजीबाजार, लोकल, गर्दी, आणि त्यावर वेगवेगळ्या भाषांत माणसं बोलतात : हे शहर माझं काय लागतं, किती वर्षं झाली, अजून घर का वाटत नाही. त्यात मराठी आवाज ऐकला आणि मी खुर्चीत पुढे सरकले. मग प्रभा आली, कनी कुसृती यांनी केलेली. हेड नर्स. लग्न होऊन नवरा जर्मनीला गेलेला, फोनही थांबलेला. मग तिच्याबरोबर राहणारी, हसरी, उतावळी अनू, दिव्या प्रभा यांची. आणि रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काम करणारी पार्वती, आपल्या छाया कदम. एक दिवस प्रभाच्या नावानं पार्सल येतं. आत जर्मनीत बनलेला लाल राइस कुकर. चिठ्ठी नाही, नाव नाही. रात्री प्रभा स्वयंपाकघरात जमिनीवर बसते आणि तो कुकर पोटाशी धरते.

माझ्या मैत्रिणीनं माझा हात घट्ट दाबला. का, ते मला विचारावं लागलं नाही. 1994 मध्ये तिच्या नवऱ्यानं दुबईहून कुणाच्या तरी हाती एक इस्त्री पाठवली होती. त्याआधी पाच महिने पत्र नव्हतं. ती इस्त्री तिनं खोक्यातून काढली, पुसली, परत खोक्यात घातली आणि कॉटखाली ठेवली. हॉस्टेल सोडेपर्यंत ती तिथंच होती. आम्ही दोघी युनिफॉर्मला माझ्या जुन्या इस्त्रीनंच कडक घड्या घालायचो.

आता या चित्रपटाच्या संथपणाबद्दल. युरोपियन हा शब्द तुमच्या मनात कुठून आला असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. माणसं यात फार बोलत नाहीत. कॅमेरा त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहतो. कुणी गाणं म्हणून भावना सांगत नाही. तुम्ही आयुष्यभर चित्रपट पाहिलेली माणसं आहात, तुम्हाला अशी लय फ्रान्सच्या चित्रपटांतून आठवली असेल. मला ती रात्रपाळीतून आठवते. रात्री दहाला आधीच्या पाळीकडून ओव्हर घेतली, अकराचा राउंड आटोपला की वॉर्डातले मोठे दिवे मालवतात. टेबलावर एक दिवा. सलाइनचे थेंब मोजायचे. कुणाचा ताप किती, कुणाची लघवी किती, लिहीत राहायचं. दोन ते चार या वेळात घड्याळ पुढे सरकत नाही. त्या वेळेला पेशंट जे बोलतात ते दिवसा कधीच बोलत नाहीत. चित्रपटात एका म्हाताऱ्या पेशंटला तिचा मेलेला नवरा दिसतो. अशा आज्या मी किती पाहिल्या असतील! 'ते बघ, दारात उभे आहेत' म्हणतात, आणि आपण दाराकडे बघून 'हो आजी, बसायला सांगते' म्हणायचं, उशी नीट करायची. सकाळी सातला लोकलमध्ये बसलं की डोळ्यांवर निळसर झापड असते, माणसांचे आवाज लांबून येतात. पायल कपाडिया आणि त्यांचे छायालेखक रणबीर दास यांनी मुंबईचा पावसाळा ज्या निळ्या रंगात दाखवलाय, तो मी चौतीस वर्षं त्या डब्यातून पाहिलाय. देशातल्या लाखो परिचारिकांच्या आयुष्याला हीच लय आहे. हिला परदेशी ठरवताना तुमच्यापैकी एकानं तरी रात्रपाळी केलेल्या बाईला विचारायला हवं होतं.

तेरा जणांच्या समितीत एकही स्त्री नव्हती. मी हे चिडून लिहीत नाही, कळकळीनं लिहितेय. ज्या वर्षी तुम्ही बायकांच्या गोष्टीचा चित्रपट निवडला आणि बायकांच्याच गोष्टीचा दुसरा एक चित्रपट परका ठरवला, त्या वर्षी खोलीत कुणीतरी बाई असती तर ते शरणागती-वर्चस्वाचं वाक्य कागदावर उतरलं नसतं. वॉर्डात आम्ही पेशंटचं वर्णन केसपेपरवर लिहितो, तेव्हा पेशंटला काय होतंय हे आधी त्याला विचारतो.

पार्वतीच्या गोष्टीपाशी जरा थांबते. ती रत्नागिरीकडची. नवरा गिरणीत होता, तो गेला. वीस-बावीस वर्षं ज्या खोलीत राहिली ती बिल्डर पाडणार आहे, आणि खोली आपली आहे हे दाखवणारा एकही कागद तिच्याकडे नाही. प्रभा तिला वकिलाकडे नेते. कागद नाही म्हटल्यावर वकील तरी काय करणार. एका रात्री दोघी बिल्डरच्या होर्डिंगवर दगड मारतात आणि लहान मुलींसारख्या हसत पळतात. शेवटी पार्वती गावी परत जाते.

आमच्या खोलीची भाडेपावती वडिलांच्या चुलतभावाच्या नावावर होती. कोकणातून आलेली पोरं एकमेकांच्या गाळ्यात राहायची, नावं नंतर बदलू म्हणायची, आणि ते नंतर कधी यायचं नाही. चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा वडील हयात नव्हते. आई बिस्किटाच्या डब्यातून एकेक कागद काढून टेबलावर मांडत होती. रेशनकार्ड, माझा दहावीचा निकाल, वडिलांचा गिरणीतला पास, लाइटबिलं. समोरचा माणूस सभ्य होता, त्यानं प्रत्येक कागद हातात घेऊन पाहिला आणि प्रत्येक वेळी मान हलवली. शेवटी आईनं डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, 'एवढंच आहे बघा.' छाया कदम पडद्यावर घरातलं सामान चाळताना मला आईचे हात दिसले.

बरुआ सर, इथे मला तुमच्याशी थेट बोलायचंय. लहान तोंडी मोठा घास वाटेल, पण बोलते. तुमचा 'हालोधिया चोराये बाओधान खाय' आम्ही हॉस्टेलच्या टीव्हीवर पाहिला होता, दूरदर्शन रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट दाखवायचं त्या काळात. गरीब शेतकरी, बापानं गहाण टाकलेली जमीन, पैसे फेडल्याचा कागद नाही, आणि सावकाराचा शब्द खरा धरला जातो. आसामी आमच्यापैकी कुणालाच येत नव्हती. खाली अक्षरं वाचत आम्ही आठ-दहा मुली बसलो होतो आणि ती जमीन आमचीच जातेय असं वाटत होतं. त्या चित्रपटाला इथं राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, स्वित्झर्लंडच्या लोकार्नो महोत्सवानं त्याला रौप्य बिबट्या हा पुरस्कार दिला. त्यावरून तो स्विस झाला, असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. कागद नसलेला तुमचा शेतकरी आणि कागद नसलेली पायलची पार्वती ही एकाच गावची माणसं आहेत, सर. तुम्हीच त्यांना ओळखलं नाहीत, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

चित्रपट कुठल्या देशाचा, हा प्रश्न गेल्या वर्षी जगभर चर्चेत होता, आणि त्याची उत्तरं देशांनी आपापल्या परीनं दिली. जर्मनीनं मोहम्मद रसूलोफ यांचा 'द सीड ऑफ द सेक्रेड फिग' पाठवला. तो फारसीत आहे, तेहरानमध्ये घडतो, आणि त्याचा दिग्दर्शक शिक्षा टाळून इराणमधून निसटून आलेला. फ्रान्सनं 'एमिलिया पेरेझ' पाठवला, तो बहुतांशी स्पॅनिशमध्ये आणि मेक्सिकोत घडणारा. हे दोन्ही शेवटच्या पाचांत होते. ब्रिटननं संध्या सुरी यांचा 'संतोष' पाठवला, हिंदी, उत्तर भारतातल्या एका महिला शिपायाची गोष्ट, शहाना गोस्वामी आणि सुनीता राजवार यांची. 17 डिसेंबरला ऑस्करच्या चाळणीतून उरलेल्या पंधरा चित्रपटांची यादी आली, तेव्हा आपला 'लापता लेडीज' त्यात नव्हता आणि ब्रिटनचा 'संतोष' होता. फ्रान्सच्या समितीनं आधी काढलेल्या चार नावांत 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'सुद्धा होता. म्हणजे फ्रान्सला तो आपला म्हणावासा वाटला, आणि आपण म्हणालो की तो आमचा नाही.

पैसा फ्रान्सचा होता, नेदरलँड्सचा, लक्झेंबर्गचा होता, हे खरं. पण आपल्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयानंच भारत-फ्रान्स करारानुसार या चित्रपटाला सहनिर्मितीचा अधिकृत दर्जा दिला होता, आणि फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवातल्या यशानंतर ते अभिमानानं जाहीरही केलं. 'सलाम बॉम्बे'मध्येही चॅनल फोर या ब्रिटिश वाहिनीचा पैसा होता, मीरा नायर अमेरिकेत शिकलेल्या होत्या. तो 1988 चा चित्रपट भारतानंच पाठवला आणि शेवटच्या पाचांत पोचलेल्या आपल्या तिघांतला तो एक. 2015 मध्ये अमोल पालेकर समितीवर होते तेव्हा चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' गेला. त्यात कॅमेरा हलतसुद्धा नाही, कितीतरी वेळ. माणसं मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी बोलत फ्रेममध्ये येतात नि जातात. तोही व्हेनिसच्या महोत्सवातून सन्मान घेऊन आला होता. तेव्हा तो तुम्हाला भारतीय वाटला, आणि तो होताच.

'श्वास'ची आठवण काढल्याशिवाय मला राहवत नाही. कोकणातले आजोबा नातवाला डोळ्यांच्या आजारासाठी शहरातल्या रुग्णालयात घेऊन येतात. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळालं ते या चित्रपटामुळे, आणि 2004 मध्ये तुमच्याच फेडरेशननं तो ऑस्करला पाठवला. पाठवायला पैसे नव्हते. महाराष्ट्रानं वर्गणी काढली. आमच्या वॉर्डातसुद्धा डबा फिरला होता. मावशींनी दहा-दहा रुपये टाकले, एका पेशंटच्या मुलानं शंभराची नोट टाकली. नामांकन मिळालं नाही, पण डब्यात पैसे टाकल्याचा पश्चात्ताप कुणाला झाल्याचं मला आठवत नाही. आपण निवडलेला चित्रपट आपला असतो, म्हणून लोक खिशात हात घालतात. तुमच्या शब्दाला एवढं वजन आहे. म्हणून तो जपून वापरावा.

आणि वर्ष किती भरभरून आलं होतं! जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात शुचि तलाटी यांच्या 'गर्ल्स विल बी गर्ल्स'ला प्रेक्षकांचा पुरस्कार मिळाला, त्यातही कनी कुसृती आहेत. मेमध्ये कानला 'द शेमलेस'साठी अनसूया सेनगुप्ता अं सर्टन रिगार्ड विभागात सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या, हा मान मिळालेल्या पहिल्या भारतीय. चिदानंद नाईक या तरुण डॉक्टरनं, हो, एमबीबीएस झालेल्या डॉक्टरनं, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे एफटीआयआयमध्ये, केलेल्या कन्नड लघुपटाला कानच्याच विद्यार्थी विभागात पहिलं बक्षीस मिळालं. आणि पायल कपाडिया, त्याही त्याच संस्थेच्या. 1994 मधल्या शाजी करुण यांच्या 'स्वहम'नंतर तीस वर्षांनी भारताचा चित्रपट कानच्या मुख्य स्पर्धेत होता, आणि तो ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, घेऊन आला. त्याच मंचावर त्याच दिवशी पाम द'ओर हा सर्वोच्च पुरस्कार मिळालेला 'अनोरा' परवा ऑस्करचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. आपला चित्रपट तिथून पुढे अमेरिकेतल्या गोल्डन ग्लोब पुरस्कारांपर्यंत गेला. दिग्दर्शनासाठी तिथे नामांकन मिळालेल्या पायल या पहिल्या भारतीय. ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांच्या यादीत तो होता, न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी त्याला सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपट म्हटलं, ब्रिटनच्या साइट अँड साउंड मासिकानं वर्षातला पहिला क्रमांक दिला. ऑस्करला तो इतर गटांसाठी पात्र होता, पण देशाच्या नावाशिवाय त्याला कुठेच जागा मिळाली नाही.

छाया कदम यांचं तर ते सालच होतं. 1 मार्चला 'लापता लेडीज'मधली मंजूमाई, त्याच महिन्यात 'मडगाव एक्स्प्रेस', मेमध्ये कानला पार्वती. आईची साडी नेसून, आईची नथ घालून त्या तिथं गेल्या. तो फोटो आमच्या निवृत्त सिस्टरांच्या ग्रुपवर दिवसभर फिरत होता. 'फँड्री' आणि 'सैराट'पासून आम्ही या बाईला ओळखतो. आता बघा, मंजूमाई भारतीय आणि पार्वती युरोपियन, हे मी माझ्या भाचीला कसं समजावून सांगू? दोघी एकाच बाईच्या अंगातून आल्यात. दोघींनी नवऱ्याशिवाय जगायचं ठरवलंय किंवा त्यांच्यावर तशी वेळ आलीय, दोघी दुसऱ्यांचं पोट भरतात, दोघींना कुणी विचारत नाही तुम्ही कुठल्या.

तुमचं ते 'भारतीय वाटला नाही'चं वाक्य मी मैत्रिणीला वाचून दाखवलं होतं. ती भाजी निवडत होती. थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिच्या हिंदीत म्हणाली, 'फिर हम लोग कौन हैं?' मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी हे पत्र लिहायचं ठरवलं.

ब्राझीलमध्येही असं एकदा घडलंय. 2016 मध्ये क्लेबर मेंडोन्सा फिल्यो यांचा 'अक्वेरियस' कानला गाजला होता. बिल्डरला घर द्यायला नकार देणाऱ्या एका प्रौढ बाईची गोष्ट आहे ती, पार्वतीची दूरची बहीणच म्हणा. त्याच्या कलाकारांनी रेड कार्पेटवर आपल्या देशातल्या सत्ताबदलाचा निषेध केला. पुढे देशाच्या समितीनं दुसराच चित्रपट ऑस्करला पाठवला, आणि त्यावरून तिथे खूप वाद झाला. आपल्याकडे तसंच झालं असा माझा आरोप नाही. पायल कपाडिया 2015 च्या एफटीआयआयमधल्या, सरकारी नेमणुकीविरुद्धच्या 139 दिवसांच्या विद्यार्थी संपात होत्या हे सगळ्यांना माहीत आहे, आणि अशा वेळी लोक कुजबुजतात हेही तुम्हाला माहीत असेल. ती कुजबुज थांबवायची असेल तर कारणं स्वच्छ आणि चित्रपटाबद्दलचीच हवीत. 'भारतीय वाटला नाही' हे कारण चित्रपटाबद्दलचं नाही.

येत्या सप्टेंबरमध्ये समिती पुन्हा बसेल. तेव्हा त्यात निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात. दिग्दर्शिका, संकलक, ध्वनिमुद्रक, लेखिका, कुणीही. या देशात त्यांची वाण नाही. निवडीची कारणं लेखी द्या, ती लिहिताना कुणाच्या देशीपणाचा दाखला मागू नका. चित्रपट लवकर जाहीर करता आला तर करा. 'लापता लेडीज'ला तुमच्या घोषणेपासून पंधराच्या यादीपर्यंत 85 दिवस मिळाले, त्यातच नाव बदलून 'लॉस्ट लेडीज' केलं गेलं, आणि एवढ्या वेळात जगभरच्या हजारो मतदारांपर्यंत पोचायचं म्हणजे आमिर खान यांच्यासारखा निर्माता पाठीशी असूनही अवघडच. उद्या एखाद्या छोट्या कोकणी किंवा खासी चित्रपटावर ही वेळ आली तर तो काय करणार? तेव्हा वर्गणीचा डबा पुन्हा फिरेल, आम्ही फिरवूही. पण फेडरेशननंही काही आधी करून ठेवावं.

आणि 'भारतीय वाटला नाही' हे वाक्य मागे घ्या, अशी माझी हात जोडून विनंती आहे. निकाल बदलत नाही, मला माहीत आहे. ऑस्कर झालं, वर्ष संपलं, पायल कपाडिया पुढच्या कामाला लागल्या असतील. पण ते वाक्य अजून तसंच उभं आहे, आणि त्याखाली प्रभा, अनू, पार्वती, माझी मैत्रीण, माझी आई आणि मी अशा सगळ्या आहोत. मागे घेण्याआधी चित्रपट पुन्हा एकदा पाहावासा वाटला तर रात्री पाहा, घर झोपल्यावर, फोन बाजूला ठेवून. दोन तासांचाच आहे.

उत्तराची वाट पाहते. मराठी, हिंदी, इंग्रजी, कशातही लिहा. मल्याळममध्ये लिहिलंत तरी चालेल, वाचून दाखवणारी शेजारच्याच इमारतीत राहते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
डोंबिवली, मार्च 2025